सोर्ड्सपॉइंट

एलेन कुशनर या अमेरिकन लेखिकेची १९८७ सालची इंग्रजी कादंबरी, उपशीर्षक ‘अ मेलोड्रामा ऑफ मॅनर्स’. ‘फँटसी ऑफ मॅनर्स’ (कल्पित जगातले शिष्टाचार, डावपेच आणि चुरचुरीत संवाद यांवर उभी असलेली फँटसी) या उपप्रकाराचं ठळक सुरुवातीचं उदाहरण म्हणून हिचं नाव घेतलं जातं, आणि वाचकांमध्ये हिच्याबद्दल सरळसरळ दोन तट आहेत.

उपप्रकाराचं नाव मात्र कादंबरीच्या नंतरचं. समीक्षक डोनाल्ड जी. केलर यांनी साधारण १९९१ च्या एका लेखात ते रुळवलं असं सहसा मानतात. म्हणजे कुशनर यांनी हा प्रकार समोर ठेवून लिहिलं असं नाही, उलट अशा पुस्तकांवरूनच प्रकाराला नाव मिळालं. ‘मॅनरपंक’ हे दुसरं नाव सायबरपंक या विज्ञानकथांच्या उपप्रकाराच्या धर्तीवरचं, ते तितकंसं रुजलं नाही. यातलं ‘मॅनर्स’ येतं कॉमेडी ऑफ मॅनर्सकडून, म्हणजे उच्चभ्रूंच्या चालीरीतींची खिल्ली उडवणाऱ्या १६६० नंतरच्या इंग्लिश रंगभूमीवरून, जिथे खरं हत्यार जीभ असते. मुळं कुठली यावर मात्र एकमत नाही. काही जण जेन ऑस्टिन आणि ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्या जॉर्जेट हेयरकडे बोट दाखवतात, काही ‘थ्री मस्केटियर्स’वाल्या द्यूमाकडे, काही डोरोथी डनेटच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे, तर काहींना फँटसी लेखक फ्रिट्झ लायबरची शहरी तलवारबाज जोडी जवळची वाटते. संवादांची ठेवण पाहिली तर हेयरचा दावा जड वाटतो, पण रिव्हरसाइड ही पडक्या घरांची, चोरांची वस्ती वाचताना लायबरला बाजूला सारता येत नाही.

कथानक थोडक्यात असं: टेकडीवर उमराव राहतात, नदीकाठच्या जुन्या वस्तीत रिचर्ड सेंट व्हायर हा शहरातला सगळ्यात नावाजलेला तलवारबाज आणि त्याचा प्रियकर एलेक, विद्यापीठ सोडून आलेला विद्यार्थी. उमराव आपली भांडणं भाड्याच्या तलवारीने मिटवतात. सुपारीच म्हणायची, फक्त इथे करार असेल तर कायदा तलवारबाजाला हात लावत नाही आणि नसेल तर तो साधा खुनी ठरतो, सगळा कळीचा खटला याच फरकावर उभा आहे. रिचर्ड लग्नसमारंभातली शोभेच्या तलवारबाजीची कामं घेत नाही, हा त्याचा नियम. एवढ्या एका नियमातून माणूस कळतो.

पहिला मोठा वाद म्हणजे ही फँटसी आहे का, कारण पुस्तकात जादू अजिबात नाही. ना मंत्र, ना राक्षस, ना भविष्यवाणी. नाही म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की मग ही खोट्या शहरातली ऐतिहासिक कादंबरीच झाली. दुसरी बाजू सांगते की शहर कल्पित आहे, त्याला नावही दिलेलं नाही, कायदा आणि चालीरीती स्वतःच्या आहेत, तेवढं पुरे. यात दुसरी बाजू जास्त पटते, आणि पुरावा पहिल्याच पानावर आहे: बर्फ पडतोय, कथनकार परीकथा सुरू करूया म्हणतो, पांढऱ्या बर्फावर रक्ताचा एक थेंब, लेसच्या कफवर वाइनचा डाग पडावा तसा लाल, आणि मग लगेच कळतं की फुटक्या खिडक्यांमागे कोणीच दबा धरून बसलेलं नाही. परीकथेचं सगळं सामान मांडून तिची भीती काढून घेतली आहे. ज्याला हे आवडलं त्याला पुढचं सगळं आवडतं, ज्याला फसवणूक वाटली तो बहुतेक मध्येच पुस्तक ठेवतो. कुशनर यांनी डेलिया शर्मन यांच्याबरोबर लिहिलेल्या, याच शहरात घडणाऱ्या नंतरच्या ‘द फॉल ऑफ द किंग्ज’ (२००२) या कादंबरीत जुने राजे आणि त्यांचे जादूगार येतात हे खरं, पण तो दाखला १९८७ च्या पुस्तकाला मागून लावणं बरोबर नाही.

बाकी तक्रारी नेहमीच्या. तलवारी कमी, बोलणंच फार. एलेक असह्य, मुद्दाम भांडणं उकरून काढतो आणि निस्तरायला रिचर्डला लावतो. मायकेल गॉडविन या तरुण उमरावाचा धागा मात्र खरंच कच्चा आहे: एका हाताच्या गुरूकडे तो तलवार शिकतो, तो गुरू त्याच्याऐवजी रिचर्डसमोर उभा राहून मरतो, आणि इतकं जीव लावल्यावर मायकेलला परदेशी पाठवून दिलं जातं, इथे चाहतेही गप्प बसतात. संवादांबद्दल उलट, डचेस ट्रेमोंटेन गोड बोलत माणसं हलवते ते प्रसंग दुसऱ्यांदा वाचताना जास्त उलगडतात, पहिल्या वाचनात निम्मं निसटतंच. रिचर्ड आणि एलेकचं नातं शहरात कोणालाच धक्कादायक वाटत नाही, १९८७ साली हे वेगळं होतं आणि अनेकांनी पुस्तक जिवापाड जपलं ते यासाठी.

बायका कमी, डचेस सोडली तर हातात सत्ता असलेली जवळपास कोणी नाही, हा आक्षेपही रास्तच. याच शहरातल्या पुढच्या ‘द प्रिव्हिलेज ऑफ द स्वोर्ड’ (२००६) या कादंबरीत एलेकची भाची कॅथरिन तलवार हातात घेते. त्या कादंबरीला २००७ चा लोकस हा विज्ञानकथा-फँटसी साहित्याचा पुरस्कार मिळाला.