हेड-अप डिस्प्ले, मोटारीतील

वाहनाचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान असे आकडे चालकाच्या नजरेसमोर, पुढच्या काचेवर किंवा तिच्या अलीकडे उभ्या केलेल्या छोट्या पारदर्शक पट्टीवर दाखवणारे उपकरण. महागड्या मोटारींत ते कारखान्यातूनच बसवून येते. प्रस्तुत नोंद मुख्यतः बाजारातून घेऊन डॅशबोर्डवर बसवायच्या स्वस्त प्रकारांविषयी आहे. भारतात असे प्रकार साधारणतः दीड-दोन हजार रुपयांपासून मिळतात.

उगम : या कल्पनेची सुरुवात कोठून धरावी याबद्दल मतभेद आहेत. डब्लिनचे दूरदर्शक-निर्माते हॉवर्ड ग्रब यांनी 1900 मध्ये बंदुकीसाठी परावर्तक दर्शकाचे पेटंट घेतले. तिरप्या काचेवरून चिन्ह परावर्तित करून ते लक्ष्याइतक्याच दूर असल्यासारखे दाखवायचे, हे तत्त्व त्यात पूर्णपणे आलेले आहे. विमानविद्येचे काही अभ्यासक मात्र सुरुवात धरतात ती दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश प्रयोगांपासून. त्यांत मॉस्किटो विमानाच्या पुढच्या काचेवर रडारचे चित्र टाकले गेले. तिसरे मत ब्रिटिश नौदलाच्या ब्लॅकबर्न बकॅनियर (पहिले उड्डाण 1958) या विमानातील डिस्प्लेला पहिलेपणाचा मान देते. नेम धरणे आणि चालवताना माहिती मिळणे या गरजा वेगळ्या असल्याने तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते; प्रकाशविज्ञानाचे श्रेय तरीही ग्रब यांच्याकडेच जाते.

मोटारींच्या बाबतीत वाद काही आठवड्यांचाच आहे. जनरल मोटर्सने 1985 मध्ये ह्यूजेस एअरक्राफ्ट ही कंपनी घेतली आणि लढाऊ विमानांतले हे तंत्र जनरल मोटर्सच्या हाती आले. 1988 च्या इंडियानापोलिस शर्यतीसाठी काढलेल्या ओल्ड्समोबिल कटलस सुप्रीमच्या सुमारे 50 गाड्यांत ते प्रथम दिसले. त्याच सुमारास निसानने जपानात सिल्विया मोटारीला हीच सोय दिली. अमेरिकी लेखक पहिलेपणा ओल्ड्समोबिलला देतात. सर्वसामान्य ग्राहकाला मागून घेता येणारी सोय हा निकष लावला, तर निसानचा दावा दुबळा ठरत नाही.

सुटे उपकरण म्हणून हे तंत्र बरेच उशिरा आले. गार्मिनने 2013 मध्ये फोनवरील नकाशाशी जोडणारे उपकरण काढले. नॅव्हडी या कंपनीचे 799 डॉलरचे उपकरण 2016 मध्ये बाजारात आले, पण कंपनी लवकरच बंद पडली. स्वस्त चिनी उपकरणे मात्र टिकली.

प्रतिमा व काच : पुढची काच दोन थरांची असते व मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो. आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रकाश परततो, त्यामुळे प्रत्येक आकड्यावर त्याचीच एक फिकट सावली थोडी सरकून पडते. कारखान्यात यासाठी मधला पडदा किंचित पाचरीच्या आकाराचा घेतात, म्हणजे दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसतात. साध्या काचेवर हे शक्य नाही. स्वस्त उपकरणासोबत म्हणूनच एक चकचकीत फिल्म मिळते. ती आतून चिकटवली की पहिले परावर्तन इतके ठळक होते की दुसरे जाणवत नाही.

या फिल्मला कायद्याची अडचण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 100 नुसार पुढच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आत यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 च्या निकालाने काचांवर काळी किंवा अन्य फिल्म चिकटवण्यास मनाई केली. नियमात पुढे झालेल्या दुरुस्तीच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला मुभा दिली. तळहाताएवढ्या तुकड्यासाठी हा धोका पत्करण्यापेक्षा स्वतःची पारदर्शक पट्टी असलेले उपकरण घेणे बरे. किआ सेल्टॉस (2019) आणि मारुती सुझुकी बलेनो (2022) यांच्या वरच्या श्रेणींत कारखान्यातून आलेले डिस्प्लेही याच पट्टीच्या जातीचे आहेत.

आणखी एक मर्यादा सहसा सांगितली जात नाही. कारखान्याच्या उपकरणात वक्र आरसे असतात आणि आकडे सुमारे दोन मीटर पुढे तरंगताना दिसतात. स्वस्त उपकरणात आरसा नसतो. ते काचेपासून जितके अलीकडे, तितकीच पलीकडे प्रतिमा. मान खाली घालावी लागत नाही, हा लाभ खरा. पण डोळ्याला रस्त्यावरून आकड्यावर यायला नजर जुळवावीच लागते. ध्रुवित (पोलराइज्ड, चकाकी अडवणाऱ्या) काचांचा गॉगल घातल्यास पुढच्या काचेवरचे आकडे बरेच पुसट होतात किंवा दिसतच नाहीत.

वेगाचा स्रोत : खरेदीत निर्णायक बाब हीच आहे. वेग दोन प्रकारे मिळतो : ओबीडीतून, म्हणजे गाडीतील बिघाड तपासणाऱ्या तिच्याच यंत्रणेतून, किंवा जीपीएसच्या उपग्रहांवरून. ओबीडी प्रकार स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये जोडतात आणि तो इंजिनाच्या संगणकाला विचारत राहतो. वेग विचारण्याचा संकेत ‘0डी’. उत्तर एका बाइटचे, म्हणून 0 ते 255 पर्यंतचा पूर्णांक. फेऱ्यांचा संकेत ‘0सी’. उत्तर दोन बाइटचे, त्याला 4 ने भागतात. भारतात धुराच्या उत्सर्जनाचे बीएस-4 निकष 1 एप्रिल 2010 रोजी मुंबई, पुणे, सोलापूर यांसह 13 शहरांत आले आणि ओबीडीच्या दुसऱ्या टप्प्याचे (ओबीडी-2) बंधन 1 एप्रिल 2013 पासून लागू झाले. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असले तरी उपकरण चालेलच असे नाही.

सॉकेटच्या 16 क्रमांकाच्या पिनेला बॅटरीचा प्रवाह चावी काढल्यावरही मिळत राहतो. गाडी बंद झाल्याचे उपकरण व्होल्टेजवरून ओळखते : इंजिन चालू असताना सुमारे 14, बंद असताना साडेबाराच्या आसपास. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या किंवा स्मार्ट हायब्रिड (इंजिनाला छोट्या विद्युत मोटरची जोड असलेल्या) गाड्यांत व्होल्टेज चालतानाही खाली येते आणि डिस्प्ले मध्येच विझतो. मेनूतील बंद होण्याचा व्होल्टेज थोडा खाली आणला की हे थांबते; फार खाली आणला तर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

जीपीएस प्रकाराला फक्त वीज लागते आणि तो कोणत्याही गाडीत चालतो. बोगद्यात मात्र उपग्रहाचा संकेत तुटतो. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या सुमारे 2 किमीच्या बोगद्यांत आकडा गोठतो किंवा जातो. जीपीएसचा वेग स्पीडोमीटरपेक्षा कमी दिसतो, आणि पुष्कळ ग्राहक उपकरण सदोष समजून परत पाठवतात. वस्तुतः स्पीडोमीटर वेग कधीही कमी दाखवू नये, असा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. 39 आहे, खऱ्या 80 ला 92 पर्यंत दाखवण्याची त्यात मुभा आहे. मेनूतून जीपीएसचा आकडा स्पीडोमीटरशी जुळवून घेण्याचा सल्ला दिला जातो. तो मानू नये, कारण त्यामुळे बरोबर आकडा बिघडतो.

बसवणी : केबल पेडलांच्या वरून न नेता काचेच्या कडेच्या खांबाजवळून वर घ्यावी, त्या खांबात पडदा-एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी हवेची पिशवी) असल्यास केबल आवरणाखाली कोंबू नये. विदर्भातल्या उन्हाळ्यात उभ्या गाडीत चिकटपट्टी सुटते, तेव्हा उपकरण काढून ठेवणे बरे.

विजेच्या मोटारी : उत्सर्जनाशी निगडित ओबीडी संकेत त्यांत असतीलच असे नाही. त्यांच्यासाठी जीपीएस प्रकारच घ्यावा.