बॅकपास पायाखाली दाबू नका
(फुटबॉलच्या गोलकीपर वर्गाचे पालक आणि संघ यांच्यासाठी)

“मुलाला गोलकीपर करायचंय, मग पायाने खेळायला का शिकवता? डाइव्ह कधी?” प्रवेश घेताना बहुतेक पालक हेच विचारतात. उत्तर नियमातच आहे. साथीदाराने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू, म्हणजेच बॅकपास, किपरला १९९२पासून हातात घेता येत नाही. घेतला तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत), तीही आपल्या गोलच्या तोंडावर. शिवाय २०१९पासून गोलकिक (समोरच्या संघाकडून चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर आपण मारतो ती किक) पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या मोठ्या चौकटीच्या, आतही साथीदाराला देता येते, त्यामुळे चेंडू पुन्हा किपरच्या पायात येण्याचे प्रसंग वाढले. डाइव्ह आम्ही शिकवतोच, पण पायाचं काम आधी.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही घरी सराव घेता याचा आम्हाला आनंदच आहे, फक्त तो कसा घेता ते बघा. बाबा खळ्यात (अंगणात) समोर उभे राहून चेंडू सरळ ढकलतात. मुलगा तो तळव्याखाली दाबतो, मान वर करतो, मग परत देतो. खळ्यात हे छान दिसतं. सामन्यात मात्र चेंडू थांबला की समोरच्या संघाचा स्ट्रायकर (गोल करायला येणारा खेळाडू) वेग वाढवतो, आणि किपरची मान वर होईपर्यंत तो अंगावर आलेला असतो. ही दाबायची सवय एकदा लागली की ती मोडण्यातच आमचे सुरुवातीचे आठवडे जातात आणि फी तुमची खर्च होते.

त्याऐवजी असं करा. मुलाला तुमच्या सरळ रेषेत नाही, थोडं बाजूला सरकून, अंग तिरकं ठेवून उभं करा. त्याच्या मागे आईने किंवा भावंडाने उभं राहून बोटं दाखवावीत. चेंडू पायात येण्याआधी मुलाने मागे बघून आकडा सांगायचा. चेंडू लांबच्या पायाच्या आतल्या बाजूने घ्यायचा आणि त्याच स्पर्शात मोकळ्या बाजूला काढायचा. दुसऱ्या स्पर्शाला पास. जोडीला कोणी नसेल तर चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) आहेच. त्यावरून चेंडू वेडावाकडा परततो, ते चांगलंच.

दबावाचा सराव मात्र घरी होत नाही. त्याला पास देणारा, धावून येणारा आणि पास घेणारा असे निदान तिघे लागतात. आमच्याकडे धावून येणारा आधी चालत येतो, मग पळत, मग एक बाजू अडवत. बचावपटूंनाही आम्ही हेच शिकवतो की पास गोलच्या खांबांच्या बाहेर द्या. किपरचा पाय चुकला तरी कॉर्नर जाईल, गोल होणार नाही. म्हणून संघातले दोन बचावपटू सोबत आणलेत तर त्यांची फी आम्ही निम्मी घेतो.

समोर समुद्रकिनारा असताना मैदानाची फी कशाला, असंही विचारतात. कोरड्या वाळूत चेंडू घरंगळतच नाही. ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर आम्ही सुरुवातीचा सराव घेतो. पण लाल मैदानावर खड्यावरून चेंडू ऐन वेळी उडतो आणि पावसात साचलेल्या पाण्यात अडकतो, ते तिथेच शिकावं लागतं. पाणी साचलं असेल तर किपरने वाट न बघता चेंडूकडे पुढे जायचं.

एक कळकळीची विनंती. सामन्यात रेषेबाहेरून “मार रे झिला, भायर मार!” असं ओरडू नका. लांब मारणं चूक नाही. चेंडू टप्पे खात येत असेल किंवा पास द्यायला कोणी मोकळं नसेल, तर उंच आणि टचलाइनकडे मारायला आम्हीच शिकवतो. पण तो निर्णय मुलाचा असू द्या. तुमचा आवाज आला की तो मागे बघायचं विसरतो.

नवीन तुकडी पावसाळा संपल्यावर सुरू होईल. पहिल्या दिवशी ग्लोव्हज नसले तरी चालेल, स्टडचे बूट मात्र हवेत. ते मापाचे घ्या, पुढच्या वर्षी होतील म्हणून मोठे घेऊ नका.