भागधारकांच्या पोर्टलमागचं रजिस्टर

कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली की भागधारकांना ई-मेल येतो: ठरावांवर ऑनलाइन मत नोंदवा. एनएसडीएल ही शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात सांभाळणारी संस्था, म्हणजे डिपॉझिटरी. तिच्या मतदानाच्या पानावर गेलं की युजर आयडीची एक चौकट दिसते. डिमॅट खातं एनएसडीएलकडे असेल तर तिथे ‘आयएन’ने सुरू होणारा आठ अक्षरी डीपी आयडी (खातं उघडून देणाऱ्या बँकेचा किंवा दलालाचा क्रमांक) आणि त्याला लागून आठ आकडी क्लायंट आयडी भरायचा. खातं सीडीएसएल या दुसऱ्या डिपॉझिटरीकडे असेल तर सलग सोळा आकडे. शेअर अजून कागदावरच असतील तर त्या मतदानाचा क्रमांक आणि पुढे फोलिओ क्रमांक, म्हणजे कंपनीच्या रजिस्टरमधला भागधारकाचा खाते क्रमांक. पहिला पासवर्ड पीडीएफमध्ये येतो आणि ती पीडीएफ उघडायला पुन्हा क्लायंट आयडी किंवा फोलिओ क्रमांकच लागतो.

अशी पानं बनवण्याचं काम पहिल्यांदा हाती आलेला डिझायनर हे बघून कपाळाला हात लावतो. मोबाइल नंबर घ्या, ओटीपी पाठवा, झालं की! पण तो मोबाइल नंबर ज्या नोंदीशी जुळवायचा, ती नोंद कधी झाली, कशासाठी झाली आणि तेव्हा भीती कशाची होती, हे पाहिल्याशिवाय या चौकटींचा उलगडा होत नाही. माझ्या मते भागधारक-सेवांच्या स्क्रीनची बहुतेक दुखणी एकाच जागची आहेत. मूळ रजिस्टर माणसाला ओळखत नव्हतं, फोलिओला ओळखत होतं.

१९५६ च्या कंपनी कायद्याने प्रत्येक कंपनीला सदस्यांचं रजिस्टर ठेवायला लावलं. नाव, पत्ता, व्यवसाय, शेअर किती, त्यांचे क्रमांक कुठून कुठपर्यंत, सदस्य कधी झाला, कधी गेला. सदस्य पन्नासपेक्षा जास्त असतील तर नावांची सूचीही हवी, म्हणजे हवं ते खातं चटकन सापडेल. शोधपट्टीची सोय कायद्यानेच सांगून ठेवली होती म्हणायची. एकाच माणसाने तीनदा शेअर घेतले आणि तिन्ही वेळा नाव थोडं वेगळं लिहिलं, तर तीन फोलिओ व्हायचे. कंपनीच्या लेखी ती तीन माणसं.

कंपनीला या माणसाची ओळख पटायची ती सहीवरून. शेअर विकायचा तर ट्रान्सफर डीडवर, म्हणजे हस्तांतराच्या कागदावर, सही करायची, त्यावर मुद्रांक चिकटवायचे आणि सर्टिफिकेटासकट तो कागद दलालाकडे द्यायचा. दलालाकडून दलालाकडे फिरत तो शेवटी कंपनीच्या शेअर विभागात पोचायचा. तिथला कारकून फाइलमधली जुनी सही काढायचा, दोन्ही शेजारी धरायचा आणि ठरवायचा. जुळली नाही की कागद परत. दलाल स्ट्रीटवर याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. मधल्या काळात बुक क्लोजर (लाभांशासाठी रजिस्टर बंद ठेवण्याचा काळ) येऊन गेलं असेल तर लाभांश किंवा बोनस जुन्याच मालकाच्या नावावर जायचा आणि नव्या मालकाला त्याच्यामागे पत्रं पाठवत बसावं लागायचं.

सदस्य काही हजार होते तोवर हे निभलं. १९७३ च्या फेरा या परकीय चलन नियंत्रण कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला वाटा कमी करून शेअर भारतीयांना द्यावे लागले. १९७७ मध्ये रिलायन्सचे शेअर बाजारात आले. पगारदार कुटुंबांत शेअरचे अर्ज भरण्याची सवय याच काळातली. ऐंशीच्या दशकात रिलायन्सची सभा मुंबईत कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर भरवावी लागली, इतके भागधारक झाले होते. एवढ्या लोकांची पत्रं, लाभांशाची वॉरंटं (चेकसारखे कागद), पत्ताबदल आणि सर्टिफिकेटं सांभाळणं कंपनीच्या सेक्रेटरीच्या आवाक्याबाहेरचं होतं. ते काम स्वतंत्र रजिस्ट्रार संस्थांकडे गेलं. १९९३ मध्ये सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने त्यांच्यासाठी नियम केले आणि ‘रजिस्ट्रार अँड ट्रान्सफर एजंट’, बोलीत आरटीए, ही जमात नियमांखाली आली. मुंबईत विक्रोळी, अंधेरीकडे त्यांची कार्यालयं आहेत. शेअर ज्या कंपनीचे, तिच्याशी भागधारकाचा संबंध नावापुरता. खरी गाठ पडते ती यांच्याशी.

हा बदल डिझाइनच्या दृष्टीने मोठा होता, कारण पडद्यासमोरचा माणूस बदलला. आरटीएचं सॉफ्टवेअर मुळात भागधारकासाठी बनलेलंच नव्हतं. ते आतल्या माणसासाठी होतं: आवक-जावक क्रमांक, आलेल्या कागदाची तपासणी, हरकत, पत्र रवाना. पुढे इंटरनेट आलं तेव्हा याच आतल्या पडद्याला बाहेरच्या बाजूने खिडकी पाडली. म्हणून आजही ग्राहकाला ‘इनवर्ड नंबर’ विचारला जातो आणि तो बिचारा शोधत बसतो.

१९९६ चा डिपॉझिटरी कायदा आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली एनएसडीएल, पाठोपाठ १९९९ मध्ये सीडीएसएल, यांनी कागदाचा खेळ मोडला. सर्टिफिकेट गेलं, सही गेली, बॅड डिलिव्हरी गेली. पण माणूस तरीही आला नाही. फोलिओच्या जागी खातं आलं. एकाची चार डिमॅट खाती असू शकत होती. तिथून २००५ च्या सुमाराचा आयपीओ (कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीचा) घोटाळा घडला. खोट्या नावांनी हजारो डिमॅट खाती उघडून छोट्या गुंतवणूकदारांसाठी राखलेले शेअर ओढले गेले. २००६ पासून डिमॅट खात्याला पॅन सक्तीचा झाला. पडद्यामागच्या नोंदीत ‘एक माणूस’ पहिल्यांदा आला तो असा, खोट्या माणसांच्या निमित्ताने. आज महिन्याला येणारं एकत्रित खातेपत्रक पॅनच्याच आधारावर बनतं. कागदावर राहिलेले शेअर मात्र त्यात दिसत नाहीत.

आणि कागदावर राहिलेले शेअर हाच या सेवांचा सगळ्यात अवघड भाग आहे. डिमॅटवाल्याला आरटीएच्या दारात फारसं जावंच लागत नाही. जातो तो कागदवाला: वय झालेला, किंवा ज्याचे आई-वडील गेलेत असा. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद झालं, वारसाच्या नावावर करणं तेवढं चालू राहिलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये सेबीने कागदी फोलिओंसाठी पॅन, पत्ता, बँक खातं, सही आणि नॉमिनी सक्तीचे केले. त्यातून फॉर्मांची मालिका तयार झाली. आयएसआर-१ माहितीसाठी, आयएसआर-२ बँकेने सही खरी असल्याचं सांगण्यासाठी, एसएच-१३ नॉमिनीसाठी, नॉमिनी नको असेल तर आयएसआर-३, सर्टिफिकेट हरवलं तर आयएसआर-४. फोलिओ गोठवण्याची भाषा सुरुवातीला होती. मुदती पुढे सरकत गेल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो शब्दच काढला गेला.

या फॉर्मांवर हसणं सोपं आहे. पण आयएसआर-२ पाहा. चाळीस वर्षांपूर्वी केलेली सही आज त्याच माणसाला जमत नाही, हात थरथरतो. रजिस्ट्रारकडे ओळखीचा पुरावा म्हणून तीच एक सही आहे. चुकीच्या माणसाला शेअर गेले तर निस्तरावं त्याला लागणार. म्हणून तो बँकेच्या अधिकाऱ्याला मध्ये घेतो. ही कारकुनाची शेजारी शेजारी धरलेली दोन सह्यांची तपासणीच आहे, फक्त टेबल बदललं. डिझायनरने हे पाऊल गाळायचं म्हटलं तर त्याच्या जागी तितकाच भरवशाचा पुरावा द्यावा लागतो आणि जुन्या फोलिओत मोबाइल नंबर नसतोच.

नावाची चौकट मराठी घरांत जास्त छळते. १९८० साली अविवाहित मुलीच्या नावे घेतलेले शेअर, मधलं नाव वडिलांचं. पॅन लग्नानंतरचा, मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनावही वेगळं. शिवाय सर्टिफिकेटावर नुसती आद्याक्षरं, किंवा आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. पोर्टल लाल अक्षरांत सांगतं, नाव जुळत नाही. यंत्राचं बरोबरच आहे, पण पुढे काय करायचं हे तिथेच सांगायला हवं: विवाह प्रमाणपत्र चालेल का, राजपत्र लागेल का, प्रतिज्ञापत्र कशाचं. हे शंभरातल्या एकाचं प्रकरण म्हणून मदतीच्या पानात टाकून चालणार नाही. कागदी शेअर घेऊन येणाऱ्या बायकांसाठी हाच राजमार्ग आहे.

दुसरा मोठा प्रवाह आयईपीएफचा. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर तो लाभांश आणि शेअरसुद्धा गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजेच आयईपीएफकडे, जातात. शेअर वर्ग करण्याचे नियम २०१६ चे. परत मिळवायचे तर आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा. मग त्याची छापील प्रत काढायची, हमीपत्र आणि मूळ सर्टिफिकेटं जोडायची आणि पाकिटावर निधीकडून परताव्याचा दावा असल्याचं लिहून ते कंपनीने या दाव्यांसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचं. म्हणजे ‘सबमिट’ दाबल्यावर काम संपत नाही, तिथून सुरू होतं. पोर्टलवर मात्र हिरवी बरोबरची खूण येते आणि दावेदार निवांत होतो. या खुणेने किती दावे अडकवले असतील! १ जून २०२५ ला पुण्यात अशा दाव्यांसाठी झालेल्या निवेशक (गुंतवणूकदार) शिबिरात लोक पिशव्या भरून कागद घेऊन आमनेसामने बोलायला गेले, यात नवल नाही.

सेबीने जून २०२३ च्या परिपत्रकाने दोन कोटींहून जास्त फोलिओ सांभाळणाऱ्या मोठ्या आरटीएंना विनंत्या आणि तक्रारी ऑनलाइन घ्यायला सांगितलं. पहिल्या टप्प्याची तारीख होती १ जानेवारी २०२४. त्यासोबत एका सामाईक संकेतस्थळाचीही योजना होती. तिथे कंपनीचं नाव टाकायचं आणि त्या कंपनीच्या आरटीएच्या पोर्टलवर पोचायचं. कुठल्या कंपनीचा आरटीए कोण हे शोधायचा त्रास वाचतो, हे चांगलंच. तरी पहिला प्रश्न ‘तुम्ही कोण’ असा नाही, ‘कुठली कंपनी’ असाच आहे. दहा कंपन्यांचे शेअर असलेल्याने दहादा विचारायचं.

आणि कंपनीचं नाव तरी सर्टिफिकेटावरचं उरलंय का? टेल्कोचं २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, टिस्कोचं टाटा स्टील, हिंदुस्थान लिव्हरचं हिंदुस्थान युनिलिव्हर. पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज ऑटोचं तर २००८ मध्ये विभाजन झालं. जुनी बजाज ऑटो बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट झाली आणि बजाज ऑटो हे नाव वेगळ्या, नव्या कंपनीला मिळालं. तिसरी बजाज फिनसर्व्ह. कपाटात नव्वद सालचं बजाज ऑटोचं सर्टिफिकेट सापडलेला माणूस शोधपट्टीत ‘बजाज ऑटो’ टाकतो. त्याच्या हातातला कागद बजाज होल्डिंग्जचा आहे, आणि विभाजनात मिळालेले इतर दोन कंपन्यांचे शेअर वेगळ्या फोलिओंत असतील. हे त्याला कुठल्याच चौकटीत दिसत नाही. शोधपट्टीत जुनी नावं, विलीनीकरणं आणि विभाजनं घालणं हे काम दिसायला किरकोळ आहे, पण वारसदाराचा पहिला अर्धा तास तिथेच वाचतो.