एडीएचडी : थेरपिस्टचं काम कुठलं, कोचचं कुठलं

पस्तिशीत एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणाऱ्या अवस्थेचं, निदान झालं की पहिल्या आठवड्यातच इन्स्टाग्राम ‘एडीएचडी कोच’ दाखवायला लागतं. तिकडे डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘सीबीटी’, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी, लिहून दिलेली असते. दोघंही आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर भेटणार, दोघंही कॅलेंडर उघडायला लावणार, दोघंही फी घेणार. मग फरक काय? ‘थेरपी मागे बघते, कोचिंग पुढे बघतं’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. ऐकायला छान आहे, पण एडीएचडीच्या बाबतीत निम्मं चूक आहे.

कारण २०१० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात स्टीव्हन सॅफ्रन आणि सहकाऱ्यांचा जो अभ्यास आला, त्यातली थेरपी बऱ्यापैकी ‘पुढे बघणारी’च होती. औषध चालू असूनही त्रास उरलेले ८६ प्रौढ. काहींना सीबीटीची बारा सत्रं, बाकीच्यांना तेवढाच वेळ रिलॅक्सेशन आणि माहिती. सीबीटीवाल्यांची लक्षणं जास्त कमी झाली. पण या पद्धतीत सुरुवात कशानं होते? एकच कॅलेंडर, एकच यादी, मोठ्या कामाचे तुकडे, मध्येच सुचलेली गोष्ट बाजूला टिपून ठेवणं. मनातल्या विचारांची पाळी त्यानंतर येते. तेव्हा वरवर बघून थेरपी कोणती आणि कोचिंग कोणतं हे ओळखू येत नाही, यात रुग्णाचा काही दोष नाही.

एकच काम घेऊन बघू. जुलै महिना, आयकर रिटर्न. पुण्यात नोकरी करणारा चौतिशीतला इंजिनिअर, असं समजा. फॉर्म १६ जूनमध्येच मेलवर आलाय. काम तासाभराचं आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. रोज रात्री ‘उद्या बसतो’ म्हणतो. मुदत उलटते, ५,००० रुपये लेट फी बसते, आता ३१ डिसेंबरही जवळ येतोय. बायको विचारते, ‘झालं का रे ते रिटर्न?’ आणि तो वसकन अंगावर येतो.

थेरपिस्ट हे वसकन येणं सोडणार नाही. लॅपटॉप उघडायच्या आधी डोक्यात नेमकं कोणतं वाक्य आलं, हे विचारेल. ‘एवढा उशीर केलाय, आता उघडलं की आणखी काहीतरी निघेल’ अशा धर्तीचं काहीतरी बाहेर येतं, आणि त्याच्या तळाशी शाळेपासून ऐकलेलं ‘हुशार आहे, पण आळशी आहे’ असतं. त्या वाक्यानं पोटात गोळा येतो, गोळा आला की हात मोबाइलकडे जातो, घडीभर बरं वाटतं, आणि टाळायची सवय आणखी मुरते. ही साखळी कागदावर मांडायची, तिच्यातलं वाक्य खरं किती आणि खोटं किती ते तपासायचं. सोबत नैराश्य किंवा चिंतेचा आजार असेल, आणि प्रौढ एडीएचडीत तो बऱ्याचदा असतो, तर त्यावरही इथेच काम होतं.

कोचचा प्रश्न वेगळा. ‘अडतंय कुठे?’ ‘बसतच नाही मी.’ ‘एकदाही बसला नाहीत?’ मग आठवतं, की बसला होता. पोर्टलचा पासवर्ड लागेना, ओटीपी येईना, कारण आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना. तिथून उठला तो उठलाच. म्हणजे यादीत ‘रिटर्न भरणे’ लिहून काही उपयोग नव्हता. पहिलं काम आधार केंद्रात जाऊन नंबर बदलण्याचं आहे. कधी जाल? शनिवारी. किती वाजता? एकटे की कुणाबरोबर? मेहुण्याबरोबर, कारण एकटा गेला तर वाटेतच दुसरं काही आठवणार, हे तो स्वतःच सांगतो. टोकन घेतल्यावर फोटो टाकायचा, हेही तोच ठरवतो. नंबर बदलला की पुढच्या रविवारी कोच नुसता व्हिडिओ कॉल चालू ठेवून आपलं काम करत बसतो आणि पलीकडे हा रिटर्न भरतो. कुणीतरी समोर असलं की हात चालतो, या युक्तीला ‘बॉडी डबलिंग’ म्हणतात. आपल्याकडे पोरांना अभ्यासाला बसवून आई शेजारी भाजी निवडत बसायची, तेच हे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले गेली कित्येक वर्षं सांगत आलेत की एडीएचडीत माणसाला काय करायचं ते ठाऊक असतं. ठाऊक असलेलं त्या क्षणी हातून होत नाही. म्हणून मदतही त्या क्षणी, त्या जागी पोचायला हवी. थेरपिस्टच्या खोलीत बुधवारी संध्याकाळी सगळं पटतं. अडतं ते शनिवारी सकाळी दहाला. कोचिंगची खरी ताकद मला इथेच दिसते : दोन भेटींच्या मधल्या वेळेत. व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज, दहा मिनिटांचा फोन. बहुतेक थेरपिस्ट असा मधला संपर्क ठेवत नाहीत, आणि त्यांच्या कामाच्या दृष्टीनं ते बरोबरही आहे.

कोचिंग ‘वैयक्तिक’ असावं लागतं ते का, तेही इथेच कळतं. एकाला रोज कुणीतरी विचारलेलं लागतं. दुसऱ्याला तेच विचारणं वडिलांच्या तपासणीसारखं वाटतं आणि तो कोचचे मेसेजसुद्धा न बघता ठेवतो. त्याच्यासाठी दारावरचा फळा बरा. शिवाय कुठलीही युक्ती तीन-चार आठवड्यांत शिळी होते. नव्या डायरीचा उत्साह ओसरतो, अलार्म कानाला ऐकूच येईनासा होतो. चांगला कोच याला अपयश म्हणत नाही, मोडलेली व्यवस्था तुमच्याबरोबर बसून बदलतो. सगळ्यांना एकच पीडीएफ आणि पहाटे पाचला उठायचा कार्यक्रम देणारा माणूस कोचिंगच्या नावाखाली दुसरंच काही विकतोय.

आता रुक्ष भाग, पण पैसे द्यायच्या आधी वाचावा असा. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्यानं ते बंधन आलं आणि नोंदणी ऑनलाइन तपासता येते. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर. या दोघांत औषध तोच लिहू शकतो, आणि एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट तर कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, शेड्यूल एक्समध्ये, असल्यानं चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं सांभाळावी लागते. उपचारातली माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंधनकारक आहे. कोचला यातलं काहीच लागू नाही. उद्या मी पाटी लावली तर मीही कोच. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारख्या संस्था प्रमाणपत्र देतात, त्यांच्या पहिल्या पायरीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. पण ते कोचिंगचं प्रमाणपत्र झालं, त्यात एडीएचडी शिकवलेलं असेलच असं नाही. (‘समुपदेशक’ या पाटीखालीही एमएपासून छोट्या डिप्लोमापर्यंत काहीही सापडतं, तेव्हा थेरपी म्हटलं की डोळे मिटावेत असंही नाही.)

पुराव्याचं पारडं थेरपीकडे झुकतं, हे मान्य करायला हवं. सीबीटीच्या मागे नीट आखलेल्या चाचण्या आहेत. कोचिंगवरचे अभ्यास थोडे, त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांवरचे. अभ्यासाच्या सवयी आणि स्वतःला आवरण्याची क्षमता सुधारल्याचं त्यांत दिसतं, पण तेवढ्यावर पंचेचाळिशीतल्या अकाउंटंटबद्दल ठामपणे बोलता येत नाही. ब्रिटनमध्ये ‘ॲक्सेस टू वर्क’ या सरकारी योजनेतून नोकरदारांना कोचिंगसाठी पैसे मिळू शकतात. आपल्याकडे सगळं खिशातून.

मग आधी कुठे जायचं? निदानच झालं नसेल तर कोचकडे नक्कीच नाही. थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, या सगळ्यांत लक्ष लागत नाही, आणि रील बघून ‘हे तर माझंच’ वाटणं म्हणजे निदान नव्हे. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का, घरी आणि कामावर दोन्हीकडे आहेत का, हे तज्ज्ञ खणून विचारतो. जुनं प्रगतिपुस्तक मागतो, आईला फोन करतो. कित्येक बायकांना तर मुलाच्या तपासणीत बसल्यावर कळतं की फॉर्मवरचे प्रश्न आपल्यालाही लागू पडतायत. झोप पार उडालीय, दारू वाढलीय, जगणं नको वाटतंय, तर कोचिंगचा विषय बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. रात्री-अपरात्री सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलते. मात्र निदान झालंय, औषध बसलंय, मन बऱ्यापैकी थाऱ्यावर आहे आणि तरीही विजेचं बिल, मेलबॉक्स, अपूर्ण प्रोजेक्ट तिथल्या तिथे, तर ही कोचची जागा. दोन्ही एकदम चालू ठेवणारे लोकही आहेत. तेव्हा दोघांना एकमेकांबद्दल सांगून ठेवावं, नाहीतर थेरपिस्ट ‘स्वतःवर जोर टाकू नका’ म्हणतोय आणि कोच रोजचा हिशेब मागतोय, अशी ओढाताण होते.

कोच निवडताना पहिल्या फुकट कॉलवर दोनच गोष्टी विचारा. ‘कुठल्या वेळी तुम्ही मला डॉक्टरकडे पाठवाल?’ याचं उत्तर लगेच आणि नेमकं यायला हवं. ‘गरजच पडणार नाही’ म्हणाला तर कॉल तिथेच संपवा. गोळ्या सोडवून दाखवतो म्हणणाऱ्याशी तर बोलूच नये. दुसरं, ‘हे कधी थांबवायचं?’ वर्षभराचं पॅकेज आगाऊ भरा म्हणणाऱ्यापेक्षा तीन महिन्यांनी बसून ठरवू म्हणणारा बरा. एडीएचडी जाणार नाहीये, त्यामुळे नोकरी बदलली, बाळ झालं, घर बदललं की लोक चार भेटींसाठी परत येतात, आणि तशी सोय ठेवणारा कोच सापडला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.