मांजराच्या झडपेतले चुंबक आणि चिप

मागच्या दाराला मांजरासाठी झडप, म्हणजे त्याला ये-जा करता येईल असे छोटे झुलते दार, बसवायची असे ठरवून ऑनलाइन शोध घेतला की 'मॅग्नेटिक' आणि 'मायक्रोचिप' असे दोन प्रकार समोर येतात. दोन्हींच्या वर्णनात 'फक्त तुमच्याच मांजराला प्रवेश' अशा अर्थाचे आश्वासन असते, त्यामुळे काम एकच आणि फरक काय तो किमतीचा, असा समज होतो. प्रत्यक्षात चुंबकाची झडप मांजराच्या गळ्यात काय अडकवले आहे ते ओळखते आणि चिपची झडप प्रत्यक्ष त्या मांजरालाच ओळखते. दार कोणते चालेल, मांजराला आधी कशाची सवय लावावी लागेल आणि पावसात ते बाहेर अडकण्याची शक्यता किती, हे सगळे या एका भेदावर ठरते, म्हणून पैसे देण्यापूर्वी तो नीट समजून घेतलेला बरा.

गोंधळाची सुरुवात सर्वांत स्वस्त झडपेपासून होते. तिच्या खालच्या काठाला चुंबकाची एक बारीक पट्टी असते आणि चौकटीच्या तळाशी तिची जोडपट्टी असते. मांजर निघून गेल्यावर डोलणारी झडप मधोमध येऊन थांबावी आणि वाऱ्याने फडफडू नये, एवढेच या पट्टीचे काम. वर्णनात चुंबकाचा उल्लेख आल्यामुळे अनेक जण हिलाच ओळख पटवणारी झडप समजून घेतात आणि दुसऱ्याच रात्री गल्लीतला बोका डोक्याने झडप ढकलून स्वयंपाकघरात आलेला दिसतो. चुंबकाच्या किल्लीची खरी झडप वेगळी असते. तिच्याबरोबर गळपट्ट्याला अडकवण्याचा एक छोटा चुंबक येतो, आणि तो डब्यात नसेल तर ती झडप कोणालाही अडवणार नाही, असे समजून चालावे.

किल्लीच्या झडपेची रचना साधी आहे. चौकटीत एक खटका असतो, जो एरवी झडपेला आत ढकलू देत नाही. मांजर डोके खाली घालून झडपेपाशी आले की गळ्यातला चुंबक त्या खटक्याच्या जवळ येतो, खटका सरकतो आणि वाट मोकळी होते. काही झडपांत खटका थेट चुंबकाच्या ओढीने हलतो, तर काहींत चुंबकामुळे एक विजेचा स्विच चालू होऊन सेलवरची यंत्रणा खटका ओढते. कोणत्याही रचनेत चुंबकाजवळ सांगण्यासारखी माहिती फारशी नसते. तो ओढतो किंवा ढकलतो, त्याला उत्तर आणि दक्षिण असे दोन ध्रुव असतात, आणि एवढ्या भांडवलावर हे मांजर कोणाचे हे ठरवणे शक्य नाही. त्याच जातीचा चुंबक गळ्यात असलेले कोणतेही मांजर आत येऊ शकते.

चिपच्या झडपेचा पाया निराळा आहे. पशुवैद्य मांजराच्या खांद्याच्या दोन हाडांमध्ये, कातडीखाली, सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड काचेची कुपी सुईने सोडतात. कुपीत सेल नसतो. झडपेतली अँटेना विशिष्ट कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) रेडिओ लहरी सोडते, त्या लहरींवरच कुपीतली चिप क्षणभर जागी होते आणि स्वतःचा क्रमांक परत पाठवते. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे हा क्रमांक १५ अंकी असतो आणि कंप्रता १३४.२ किलोहर्ट्झ असते. झडपेच्या स्मृतीत तोच क्रमांक असेल तरच खटका उघडतो. चिप टोचली की मांजर कुठे आहे ते मोबाइलवर दिसेल, असे पुष्कळांना वाटते. तसे काही होत नाही, कारण चिप अगदी काही सेंटिमीटरच्या अंतरावरच वाचता येते आणि वाचणारे यंत्र जवळ नसेल तेव्हा ती निपचित असते. तिचा दुसरा उपयोग मात्र मोलाचा आहे. हरवलेले मांजर कोणी दवाखान्यात आणले आणि तिथे वाचक यंत्र असले, तर त्या क्रमांकावरून मालकापर्यंत पोहोचता येते, मात्र त्यासाठी तो क्रमांक मालकाच्या नावाने आधी कुठेतरी नोंदलेला असला पाहिजे.

या दोन प्रकारांच्या मधोमध आणखी एक वस्तू बसते. चिपच्या काही झडपांबरोबर गळपट्ट्याला लावायचा आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचला जाणारा बिल्ला, मिळतो. त्यात चुंबक नसून चिपसारखाच क्रमांक असतो, त्यामुळे ओळख पक्की राहते, पण गळपट्टा हरवला की टॅगही जातो. ज्या मांजराला अजून चिप टोचलेली नाही त्याच्यासाठी ही तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे.

आता आपल्या नाशिकचा विचार करू. इंग्लंडमधल्या घरांसाठी लिहिलेल्या माहितीत चुंबकाच्या झडपेवर पहिला आक्षेप असा असतो की शेजारच्या पाळीव मांजरांच्या गळ्यातही तसाच चुंबक असतो आणि म्हणून तीही आत येतात. आपल्याकडे हा आक्षेप जवळजवळ लागू पडत नाही. इंदिरानगरच्या रो-हाऊसच्या मागच्या बोळातून किंवा जुन्या नाशकात कौलांवरून येणाऱ्या बोक्याच्या गळ्यात काहीच नसते, त्यामुळे त्याला अडवण्यापुरती चुंबकाची झडप पुरेशी ठरते. तिची खरी अडचण गळपट्टा हीच आहे. मांजराचा गळपट्टा ताण पडताच सुटणाराच असला पाहिजे, कारण न सुटणारा पट्टा पेरूच्या फांदीत किंवा कुंपणाच्या तारेत अडकला तर गळफास बसतो. सुटणारा पट्टा घातला की तो केव्हातरी सुटणार, त्याबरोबर किल्ली जाणार, आणि आपले स्वतःचे मांजर ऐन पावसात आपल्याच दाराबाहेर बसून राहणार. शिवाय आपल्या घरांत लोखंड फार. खिडकीचे गज, जाळीचे सेफ्टी डोअर, गच्चीच्या जिन्याचा कठडा, सगळीकडे हा चुंबक चिकटतो आणि मांजर दचकते. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती म्हणजे जमिनीवरचा लोखंडाचा कीस त्या चुंबकाला लागून मांजराच्या गळ्याशी जमा होतो, आणि तो रोज पुसून काढावा लागतो.

चिपच्या झडपेची आपल्याकडची अडचण बरोबर उलट्या जागी आहे. मांजराच्या अंगावर काहीच नसते, हरवण्यासारखे काही नसते, पण दार लोखंडी असेल तर झडपच आंधळी होते. अँटेनाभोवती धातू आला की तिच्या लहरी कमजोर पडतात आणि चिप वाचली जात नाही किंवा दोनदा-तीनदा डोके घातल्यावर वाचली जाते. रो-हाऊसच्या मागच्या बाजूला पत्र्याचे दार असणे ही इथली नेहमीची गोष्ट आहे. अशा दारात झडपेच्या मापापेक्षा बरेच मोठे भोक पाडून मध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची फळी बसवावी आणि झडप त्या फळीत बसवावी, म्हणजे धातू चारही बाजूंनी दूर राहतो. दुसरी काळजी सेलची. हे सेल साधारणपणे काही महिने ते वर्षभर चालतात, पण ते पूर्ण संपले तर खटका उघडत नाही, म्हणून झडपेवरचा इशाऱ्याचा दिवा लुकलुकू लागताच सेल बदलावेत. चार्ज करता येणारे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे अनेक उत्पादक ते वापरू नका असे सांगतात.

दोन्ही प्रकारांकडून न होणारी काही कामेही आहेत. बहुतेक झडपा आत येणाऱ्याचीच ओळख तपासतात, बाहेर जाणाऱ्याला अडवत नाहीत. एका मांजराने घरातच राहावे आणि दुसऱ्याने फिरावे असे हवे असेल, तर जाताना-येताना दोन्ही वेळा चिप वाचणारी झडप निवडून घ्यावी लागते, कारण चुंबकाला दोघांतला फरक कळणे शक्य नाही. आपल्या मांजराच्या शेपटीमागोमाग घुसणारा धीट बोका दोन्ही झडपांतून येऊ शकतो. तोंडात उंदीर किंवा पाल धरून आलेले मांजर दोन्हींना फक्त मांजरच वाटते. आणि मादीचे निर्बीजीकरण झालेले नसेल, तर कोणत्याही झडपेवर विसंबू नये. ती स्वतःच बाहेर जाईल, आणि जेमतेम दोन महिन्यांत पिल्ले होतील. लसीकरण आणि निर्बीजीकरण झाल्याशिवाय झडप उघडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवण्याचे काम दोन्हींसाठी बरेचसे सारखे आहे. झडपेचा खालचा काठ मांजराच्या पोटाच्या उंचीला यावा. मोठ्या मांजरासाठी ही उंची जमिनीपासून साधारण १० ते १५ सेंटिमीटर भरते, पण स्वतःच्या मांजराला दाराशी उभे करून मोजणे केव्हाही चांगले. आपल्या घरांना जोते असल्यामुळे दाराबाहेरची जमीन आतल्यापेक्षा खाली असते, हे सुताराच्या लक्षात आणून द्यावे. आतून बेताची वाटणारी झडप बाहेरून उडी मारण्याइतकी उंच होते, म्हणून बाहेर एक रुंद, न हलणारी पायरी करून घ्यावी. झडपेतून हात घालून कोणी कडी काढू शकणार नाही इतके अंतर कडीपासून राखावे. फ्लश डोअर आतून पोकळ असेल तर कापलेल्या कडांना लाकडी पट्ट्या मारून त्या रंगवून घ्याव्यात, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात दार फुगते. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, ती भोकासह नवीनच बनवून घ्यावी लागते. नऊ इंची भिंतीत झडप बसवायची झाल्यास मध्ये बोगद्यासारखा जोडभाग लागतो. त्यातून जाणे मांजराला अंधारे वाटते, म्हणून दार उपलब्ध असताना भिंत फोडू नये. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या ज्या वाड्यांना अजून जुनी सागवानी दारे आणि त्यांतल्या दिंड्या शाबूत आहेत, तिथे त्या दारांना करवत लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मागच्या खिडकीच्या जाळीच्या चौकटीत झडप तितकीच चांगली बसते आणि पुढे काढूनही घेता येते.

शिकवण्याच्या बाबतीत दोन झडपांचा क्रम वेगळा आहे. चुंबकाच्या झडपेसाठी आधी गळपट्टा अंगवळणी पडला पाहिजे. पहिले काही दिवस नुसता पट्टा, त्याखाली दोन बोटे सहज जातील एवढा सैल, आणि मांजर तो विसरून खाऊ-झोपू लागल्यावरच त्याला चुंबक अडकवावा. चिपच्या झडपेला ही पायरी लागत नाही. तिथे सवय लावायची ती आवाजाची. खटका उघडताना स्पष्ट टिक असा आवाज होतो आणि डोके चौकटीत असतानाच तो कानापाशी आल्यामुळे बुजरे मांजर मागे सरते. यासाठी झडप दारात बसवण्याआधी काही दिवस घरात ठेवून, मांजर जेवत असताना लांबून तो खटका वाजवावा आणि हळूहळू जवळ आणावा.

त्यापुढचा भाग दोघांना सारखा लागू पडतो, आणि तो घाईने उरकू नये. कुलपाची यंत्रणा पूर्ण बंद ठेवून झडप चिकटपट्टीने किंवा दोरीने वर बांधावी, म्हणजे समोर नुसते मोकळे भोक राहील. भुकेच्या वेळी पलीकडे एकाने बसावे आणि सुकटीचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा दाखवावा. मांजर बिनदिक्कत ये-जा करू लागले की झडप अर्धी खाली आणावी, मग अशी की डोक्याने थोडी ढकलावी लागेल, आणि शेवटी पूर्ण सोडावी. मांजराला उचलून झडपेतून कधीही ढकलू नये, कारण एकदा भीती बसली की ते त्या दाराकडे फिरकेनासे होते. कोणी चार दिवसांत शिकते, कोणाला महिना लागतो. घरात आधीच शिकलेले मांजर असेल तर दुसरे बहुधा त्याच्याकडे पाहूनच शिकते.

झडप पूर्ण सोडलेली असताना मांजर सहज ये-जा करते आहे याची खात्री झाली की मगच कुलूप सुरू करावे. चिपच्या झडपेत शिकवणीचे बटण दाबून मांजराला त्याच्या नेहमीच्या चालीने एकदा जाऊ द्यावे, क्रमांक आपोआप नोंदला जातो. त्यानंतरही मांजर बाहेरून येताना अडखळत असेल, तर ते चौकटीत डोके पुरेसे घालत नाही किंवा चिप कातडीखाली सरकली आहे, या दोन शक्यता आधी तपासाव्यात. दुसरी शक्यता दवाखान्यातल्या वाचक यंत्राने लगेच कळते.

रात्रीचा प्रश्न नाशिकमध्ये विशेष आहे. निफाड, सिन्नर आणि दिंडोरीकडच्या उसात राहणारे बिबटे शहराच्या कडेच्या वस्त्यांपर्यंत येतात, मखमलाबाद आणि गंगापूर रोडच्या बाजूला त्याची धास्ती नवी नाही, आणि मोकाट कुत्री तर सगळीकडेच आहेत. या झडपेतून बिबट्या आत येणार नाही, पण अंधारात बाहेर असलेल्या मांजराला ती कोणतेही संरक्षण देत नाही. बहुतेक झडपांना चार स्थितींचा खटका असतो, म्हणजे दोन्हीकडून उघडी, फक्त आत येण्यासाठी, फक्त बाहेर जाण्यासाठी आणि पूर्ण बंद. चिपच्या काही झडपांत ठरलेल्या वेळी आपोआप बंद होण्याची सोयही असते, आणि घरी उशिरा परतणाऱ्यांनी तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत असे मला वाटते. चुंबकाच्या झडपेत हेच काम हाताने करावे लागते. संध्याकाळचे मुख्य जेवण दिवेलागणीलाच घालण्याचा नेम ठेवावा, त्याआधी तासभर झडप फक्त आत येण्याच्या स्थितीत करावी आणि घरातली सगळी मांजरे ताटलीपाशी आली की ती पूर्ण बंद करावी. दिवाळीत हा नेम दुपारीच पाळावा, कारण फटाक्याने बिथरलेले मांजर दिसेल त्या दिशेने धावते आणि त्या अवस्थेत त्याला झडपेचा रस्ता आठवत नाही.