पत्र्याखालचा मे आणि पेरणीची चकती

सीड ड्रिलची (पेरणी यंत्राची) खाचांतून एकेक दाणा सोडणारी प्लास्टिकची चकती पेरणीत मोडली असं वाटतं, पण ती बहुतेक वेळा मे महिन्यातच बिघडलेली असते. इंदूरच्या आसपास तेव्हा पारा चाळिशीपार जातो, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याला टेकलेली वस्तू त्याहून खूप जास्त तापते. थ्रीडी प्रिंटरवर सगळ्यांत सोपा म्हणून वापरला जाणारा पीएलए या जातीचा प्लास्टिक साधारण ६० अंशांनाच मऊ पडतो. बोल्टने आवळलेली चकती बशीसारखी वाकते आणि ते कळतं थेट जूनअखेर, वाफसा आल्यावर.

म्हणून इथे पीईटीजी हा दुसरा प्लास्टिक घ्यावा. तो ८० अंशांपर्यंत तग धरतो, २३५-२४५ अंशांना वितळवून ७५ अंशांच्या तापलेल्या तळावर छापता येतो. रंग काळाच निवडा. त्यातली काजळी उन्हातले अतिनील किरण अडवते. एबीएस हा तिसरा प्लास्टिक १०५ अंशांपर्यंत टिकतो खरा, पण बंद पेटीचा प्रिंटर नसेल तर कोपरे उचलले जातात. वायसर, सील अशा लवचिक भागांना रबरासारखा टीपीयू. फवारणीचे नोझल मात्र घरी छापू नयेत: थरांच्या खरखरीत भोकातून थेंब सारखे पडत नाहीत आणि बाजारातलं नोझल स्वस्तच असतं.

आता सोयाबीनची चकती. जेएस ९५६० सारख्या टपोऱ्या वाणाचे ५० दाणे व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजा. सर्वांत लांब दाणा ७ मि.मी. भरला, तर खाच दहा टक्के मोठी, म्हणजे ७.७ हवी. छपाईच्या संगणकी आराखड्यात मात्र ८ लिहा, कारण छापलेली खाच पाव मि.मी.ने आखडते. जाडी ६ मि.मी. पुरे, जास्त केली की एका खाचेत दोन दाणे बसतात. काठावर ३० खाचा, प्रत्येक दोन खाचांमध्ये ४ मि.मी.चा दात, म्हणजे व्यास साधारण ११५ मि.मी. प्रिंटरचं नोझल ०.४ मि.मी.चं, ०.२ चे थर, बाहेरच्या भिंती चार, आतला भराव ४० टक्के. चकती आडवी छापायची. उभी छापली तर दात थरांच्या सांध्यातून खपलीसारखे निघतात.

शाफ्टच्या भोकाकडे दुर्लक्ष होतं. लोखंडी चौकोनी शाफ्ट प्लास्टिकचे कोपरे कुरतडतो, भोक गोल होतं आणि चकती जागच्या जागी थरथरते. दोन्ही बाजूंना चौकोनी भोकाच्या पत्र्याच्या चकत्या लावून चार बोल्टनी आवळा. इंदूरच्या सियागंज बाजारात असं सामान मिळतं.

पावसाळ्यात छापत असाल तर प्लास्टिकच्या तारेचं रीळ आधी ६५ अंशांवर पाच-सहा तास वाळवा. ओल धरलेलं पीईटीजी नोझलमध्ये फटफटतं आणि खाचांत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ओढतं. ते तंतू आणि खाचेची कड ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा. सोयाबीनची साल पातळ. कडेला खरचटलेला दाणा दिसतो धड, उगवत नाही. बीजप्रक्रिया केलेलं बी सावलीत सुकवूनच भरा, नाहीतर खाचेत चिकटतं.

शेतात नेण्याआधी चाक जॅकवर उचलून ५० फेरे हाताने फिरवा. चाकाच्या एका फेऱ्याला चकतीचा एक फेरा असेल, तर एका ओळीतून १,५०० दाणे पडायला हवेत. शंभर दाणे १२ ग्रॅमचे धरले तर १८० ग्रॅम. वजन कमी भरलं तर खाचा रिकाम्या जाताहेत, जास्त भरलं तर जोडदाणे. पडलेल्यांत फुटके किती, तेही निवडून बघा.

४० सें.मी. व्यासाचं चाक एका फेऱ्यात १२५.७ सें.मी. जातं, म्हणजे दाण्यांत ४.२ सें.मी. अंतर. ४५ सें.मी.च्या ओळीत हे हेक्टरी ६४ किलो बियाणं होतं. ओल्या काळ्या मातीत चाक घसरतं, त्यामुळे हिशेब शेतात ताडून पाहावा. चाकाला चिंधी बांधा, दहा फेऱ्यांत किती अंतर कापलं ते टेपने मोजा. १२.५७ मीटरऐवजी १३.५ भरले तर दाणे साडेचार सें.मी.वर पडताहेत. मग आराखड्यात ३० च्या जागी ३२ खाचा टाकायच्या, दात ४ ऐवजी ३.३ मि.मी.चा होऊ द्यायचा आणि नवी चकती छापायला लावायची.