लंडन-न्यूयॉर्क: अंतर तेवढंच, मग वेळ वेगळा का?

लंडन ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर शोधलं तर साधारण ५,५४० किलोमीटर असं उत्तर येतं, जेट विमान ताशी ९०० च्या आसपास उडतं, म्हणजे भागाकार केला की सहा तास आणि वर थोडी मिनिटं, झालं. पण टाइमटेबल बघा, जाताना साडेसात-आठ तास आणि येताना साडेसहा-सात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं यात थोडा वेळ जातो हे खरं, पण तो दोन्हीकडे जातोच ना, मग हा फरक कुठून आला?

आधी ते ५,५४० समजून घेऊ. हे अंतर गोल पृथ्वीवरचं आहे, पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला तर तो जसा बसेल तसं. तोच मार्ग सपाट नकाशावर काढला की उत्तरेकडे वाकलेला दिसतो आणि विमान उगाच वळसा घेतंय असं वाटतं, पण सगळ्यात जवळचा रस्ता तोच.

आता खरी गंमत वाऱ्याची. बऱ्याच जणांना वाटतं की पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो, तसं नाही, कारण हवा पण पृथ्वीसोबतच फिरते. विमानाचा ९०० चा स्पीड हा आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत असतो आणि ती हवाच पळत असेल तर जमिनीवरून मोजलेला स्पीड बदलतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो, जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला फक्त ४ तास ५६ मिनिटांत पोचलं! जमिनीच्या हिशोबाने स्पीड ताशी १,३०० च्या वर गेला होता, तरी ध्वनीचा वेग काही ओलांडला नाही, कारण भोवतालच्या हवेच्या हिशोबाने ते नेहमीसारखंच उडत होतं.

मग येताना वाचलं आणि जाताना गेलं, फिट्टंफाट? नाही. वारा ताशी १५० धरा. येताना स्पीड १,०५०, म्हणजे साधारण ५ तास १७ मिनिटं, जाताना ७५०, म्हणजे ७ तास २३ मिनिटं, बेरीज १२ तास ४० मिनिटं. वारा नसता तर १२ तास १९ मिनिटं! कारण उलटा वारा जास्त वेळ सोसावा लागतो, सुलटा कमी वेळ मिळतो. मला हे गणित फार आवडतं, कागदावर एकदा करून बघाच.

म्हणूनच अटलांटिकवरचे हवाई मार्ग रोज वाऱ्याचा अंदाज बघून नव्याने आखतात, पूर्वेला जाणारे जेट स्ट्रीमच्या आत आणि पश्चिमेला जाणारे त्याला टाळून, मग किलोमीटर वाढले तरी चालतात कारण वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं.